ओट्यावरून हाक

बाबा, तुमचं दुकान उद्या तुटणार आहे. म्हणजे सगळं नाही, फक्त पुढचा ओटा. आणि तोडायला मीच सांगितलंय. तुम्हाला आधी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर शिलाई मशीनवर चादर टाकली, ती तशीच राहिली. मग शेजारच्या भांडीवाल्या काकांनी शटर ओढलं, पलीकडची गिरणी बंद पडली, गिऱ्हाईक सगळं एसटी स्टँडकडे सरकलं. मी आर्किटेक्चर शिकून आले आणि ही तीन बंद दुकानं जोडून को-वर्किंग हब करायचं ठरवलं. मोखाड्यातली मुलं रेंजसाठी लॅपटॉप घेऊन टेकडीवर बसतात हो! त्यांना इथे टेबल, वायफाय, स्टार्टअप सुरू करायला जागा. गल्ली परत जागी होईल, असं मी दुकानमालकांच्या मीटिंगमध्ये इतक्या जोशात सांगितलं की काकांनीही किल्ली काढून दिली. ओट्याच्या जागी पूर्ण काच. चित्रात फार भारी दिसते. काका म्हणाले, "पोरी, या काचेत तुझंच तोंड बघत बसशील." मी हसले. तेव्हा भीती नव्हती.

आज बाजार होता. मी टेप घेऊन मापं घेत ओट्यावर उभी, तर पोशेरा गावची एक मावशी गाठोडं उतरवून टेकली. "बाय, टेलर व्हता तवा हितंच बसायचो. जीप तोच थांबवायचा." आणि तुम्ही दिसलात मला. मशीन रस्त्याकडे तोंड करून ठेवलंय, पाय चालूच आहेत, ओठांत टाचणी. वळणावर जीपचा आवाज आला की टाचणी काढून ओरडताय, "ए, पोशेऱ्याची माणसं आहेत, थांब!" मी पाचवीत, इंग्लिश मीडियमची शहाणी. "बाबा, रस्त्यावर ओरडू नका ना, लाज वाटते." तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "मी गप्प बसलो तर ती चालत जातील. मग लाज कुणाला वाटायची?" आणि पुढच्या जीपला आणखी मोठ्याने ओरडलात.

मावशीला मी फोनवर माझं डिझाइन दाखवलं. आत सोफा, पंखा, थंड पाणी, बाजाराला येणाऱ्यांसाठी खास. ती बघत राहिली. "चांगलं हाय. मंग हाक कोन मारल?" तेवढ्यात जीप आली. मी ओरडायला गेले, पण आधी रस्त्यावर कोण बघतंय ते पाहिलं. जीप निघून गेली. मावशी हसली, "टेलरची पोरगी ना गं तू?" आणि गाठोडं डोक्यावर घेऊन उन्हात नाक्याकडे चालायला लागली.

तेव्हापासून काचेच्या आत सगळे कानात हेडफोन घालून बसलेत आणि बाहेर जीप न थांबता जातेय, हेच डोळ्यांसमोर येतंय. या गल्लीत अजून जिवंत आहे ते एवढंच, कुणीतरी येऊन टेकतं. आणि उद्या तेच माझ्या ड्रॉइंगप्रमाणे तुटेल. मिस्त्रीला एक फोन केला तर तो थांबेल. फोन हातात आहे, पण अजून लावला नाही. काचेचा मोह आहे म्हणून नाही, मीटिंगमधले काय म्हणतील म्हणूनही नाही. ओटा ठेवला तर तिथे बसून हाका मारायला कुणीतरी लागेल. रोज. तुम्ही बसलात तसं, शेवटपर्यंत. बाबा, ते कुणीतरी मीच असेन, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटतेय.