ऑर्लनच्या रायफलीचं पितळ

सोमवार, ५ ऑक्टोबर. सकाळ.
आजपासून रागावणं बंद.
माझा नवरा ऑर्लन वारला तेव्हा त्याच्या ठासणीच्या रायफलीला फक्त पितळ बसवायचं राहिलं होतं: चापाभोवतीची कमान आणि दस्त्याच्या टाचेची टोपी. मेपलचा दस्ता त्याने दोन हिवाळे कोरला. सतरा तारखेच्या नेमबाजीच्या स्पर्धेत लेक रोवेना बापाचीच रायफल चालवणार. दीर डेल्मर म्हणाला, मी बसवून देतो. नको म्हटलं. माझे वडील लोहार होते, शिवाय मी कॉलेजात फिजिक्स घेतलं होतं. रोवेनाने फोनवर विचारलं, आई, नक्की ना? लेकीने असं विचारावं!

मंगळवार.
ओतारी टॅकेटचं पार्सल आलं. दोन्ही तुकडे पिळवटलेले. फोन केला. म्हणाला, बाई, ओतीव माल असाच येतो, सरळ ज्याचा त्याने करायचा. मी म्हटलं, तुझी मान माझ्या व्हाइसच्या पकडीत दे, तीही सरळ करते. त्याने फोन ठेवला. मी रागावले नव्हते. स्पष्ट बोलले.

गुरुवार. संध्याकाळ.
डेल्मर सांगून गेला: वहिनी, पितळ लाल करा, पाण्यात टाका, गार झालं की बेताने वाकवा. तापलेल्यावर घाव घालाल तर बिस्किटासारखं तुटेल.
लोहाराच्या मुलीला शिकवतो!
कमान लालबुंद केली. ऐरणीवर एकच घाव. तुकडे उडाले. एक माझ्या दंडाला चिकटला, कातडी घेऊनच निघाला. टॅकेटचं पितळ भेसळीचं आहे. हातोडा भिरकावला. डेल्मर परत कशाला आला होता, देव जाणे. त्याच्या ट्रकची काच गेली.

शुक्रवार.
डेल्मर म्हणतो, वहिनी, हातोडा माझ्या कानाला वारा घालून गेला. मी म्हटलं, लागला असता तर ओरडायचं. दंड त्यानेच बांधला. स्वतःकडची कमान आणून, तापवून, गार करून, सरळ करून बसवलीही. माझ्या देखरेखीखाली.

रविवार.
चर्चमध्ये क्रोधावर प्रवचन. सगळे माझ्याकडे का बघत होते?

मंगळवार, १३.
टोपी उरली. तापवून गारच करायची, तर तापवायची कशाला? गारच वाकवणार. काजळी फासून लाकडावर दाबली. काळं दोन टोकांनाच उमटलं, म्हणजे अजून वाकडी. डेल्मर म्हणतो, आधी पितळ सरळ, मग लाकडावर. मी दस्त्यावर ठेवूनच ठोकते. दोन्ही कामं एकदम. पुरुषांना सुचत नाही.

बुधवार.
टोपी हट्टी आहे. लाकडी हातोडी सोडली, लोखंडी घेतली. मग घण. मी शिकवते त्या शाळेतल्या द्वाड पोरांचं एकेक नाव घेऊन घाव घातले. बराच फरक पडला. बोटं फुटली. दस्त्यावर रक्त. पुसलं जाईल.

गुरुवार.
हाड मोडल्यासारखा आवाज झाला. दस्ता टाचेपासून मुठीपर्यंत उभा चिरला.
मग टोपीला मारलं. खूप वेळ मारलं. कुत्रा शेजाऱ्यांकडे राहायला गेला.
हवा कोरडी आहे. रोवेनाला तसंच सांगायचं.

शुक्रवार.
रोवेना आली. हवेचं सांगितलं. तिने दस्ता उचलला, घणाचे गोल वळ बोटाने चाचपले. म्हणाली, आई, हवा फार जोरात मारत होती. मग बाकावर बसून रडली. मी मक्याची भाकरी केली. कोणी खाल्ली नाही.

शनिवार, १७. संध्याकाळ.
डेल्मरच्या रायफलीने रोवेना तिसरी आली. बापाची असती तर, असं बोलली नाही. येताच ती आणि डेल्मर चिरलेल्या दस्त्याला सरस लावायला बसली. एक टोक दाबून धरायला तिसरं माणूस हवं होतं, म्हणून मला बोलावलं. अट: बोलायचं नाही, हलायचं नाही. धरलं. नाकावर माशी बसली. तरी हलले नाही. हे संयमाचं काम मला उपजतच जमतं.
सरस धरला. तडा मिटला. रोवेना म्हणाली, आई, आता सोड.
बोटं सुटेनात. दस्त्याला चिकटली होती. डेल्मर पटाशी घेऊन शेजारी बसला.
मी त्याला एवढंच म्हटलं: हळू.