जुन्या पट्टीत

प्रिय ओडेसा,

शनिवारी दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात तुझी आई आपल्या दोघींचे केस सरळ करायची, आठवतं? चुलीवर तापलेली लोखंडी फणी, तेलाचा तो करपट वास, आणि मान खाली घालून आपण दोघी गुणगुणतोय. मी खालून, तू वरून. "हलू नका गं, कान भाजेल," असं आपल्याला दटावायची आणि स्वतःच ताल धरून डोलायची.

परवा इथे ग्रीनव्हिलमध्ये जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. अक्षर बघ कसं धावतंय. शाळेतल्या सिस्टर बर्नडीनने पाहिलं असतं तर सगळं पान पुन्हा लिहायला लावलं असतं. आधी घशाचं सांगून टाकते, नाहीतर तू मध्येच काळजी करत बसशील. माझ्या स्वरतंतूवर गाठ आहे. जिवाला धोका नाही, पण काढायला हवी. पुढे बोलता येईल म्हणतात. गाता येईल का, असं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसायला लागतात.

म्हणून त्याआधी एकदा, शनिवारच्या गावच्या मेळाव्यात गायचं ठरवलं. चर्चच्या हॉलमध्ये तालमीला गेले, तर माझ्या बँडमधल्या रूझवेल्टचा पत्ता नाही. माशाचा वास आला की तो गिटार विसरतो, तुला माहीत आहे. चर्चमध्ये पियानो वाजवणारी जोनेल म्हणून एक मुलगी आहे, ती म्हणाली, "मी वाजवते, मिस व्हर्लीन. कुठली पट्टी?" मी म्हटलं, रेकॉर्डवर आहे तीच, दुसरी कुठली? आपलं 'कडी घालू नकोस' सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला माझा श्वास संपला. मी त्या पोरीवर खेकसले, "पियानो कधी लावला होता? नोहाच्या नावेत?" ती बिचारी हळूच म्हणाली, "मागच्याच आठवड्यात, मॅम."

तेवढ्यात रूझवेल्ट बोटं चाटत आत आला. त्याचा ओशाळलेला चेहरा पाहिला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बँडमधले सगळे वर्षानुवर्षं माझी गाणी गुपचूप खाली उतरवत आले होते, ओडेसा. आधी अर्धा सूर, मग आणखी अर्धा. मी मात्र लंडनपासून टोकियोपर्यंत मिरवत होते, की बाकीच्यांचे आवाज बसले, व्हर्लीन टेट अजून जुन्याच पट्टीत गाते.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू मला हाकललं असतंस. आणि बाई, तुला कुणी फसवलं नाही. तुला चढवत नव्हता, म्हणून आम्ही जिनाच ठेंगणा केला." मी म्हटलं, शनिवारी जिना होता तसा हवा. "आवाज चिरकेल," तो म्हणाला. चिरकू दे. "आपल्या गावात? चर्चमधली म्हातारी मदर क्रम्प पहिल्या रांगेत असताना?" तिच्याचसमोर, मी म्हटलं.

शनिवारी मी निळा झगा घातला होता. ऊन उतरलं होतं, नदीवरून वारा येत होता, आणि आपल्या शाळेतल्या सगळ्या म्हाताऱ्या हॅट घालून खुर्च्यांवर बसल्या होत्या. खालचा भाग नीट गेला. मग ती वरची ओळ आली, जी मुळात तुझी. रेव्हरंडशी लग्न करून तू डेट्रॉइटला गेलीस तेव्हापासून तीही मीच गाते. मी सूर घ्यायला गेले आणि आवाज मध्येच फाटला. नुसती हवा आली. रूझवेल्ट माझ्याकडे बघेना, पण त्याने पट्टी सोडली नाही, तेच दोन सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. तेव्हा मदर क्रम्प पंखा हलवत म्हणाली, "दमानं घे, पोरी." रविवारी चर्चमध्ये एखाद्याची साक्ष देताना दातखीळ बसते तेव्हा म्हणते ना, अगदी तसं. मागून कुणीतरी ओरडलं, "आम्ही कुठे जात नाही, व्हर्लीन, बटाट्याचं सॅलड अजून यायचंय." सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसताच तो सूर लागला. गोणपाटासारखा खरखरीत, पण लागला, आणि जिथे लागायचा तिथेच लागला. मी तो सोडेचना. म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. रूझवेल्ट रडत होता आणि वर म्हणत होता, डोळ्यात चिलट गेलं.

आता हे पत्र का, ते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी मेम्फिसला ऑपरेशन आहे. नंतर बरेच दिवस मला एक शब्दही बोलायची बंदी. कुणीतरी माझ्या वतीने बोलायला हवं, आणि मी काय म्हणाले असते हे न विचारता जाणणारी तू एकटीच उरली आहेस. रेव्हरंड गेल्यावर तरी ये म्हणून मी तुला आग्रह केला नाही. आज करते. त्याच्या आदल्या बुधवारपर्यंत ये. आलीस की माझं कपाट उघड आणि मी हातवारे करायच्या आत वाटप उरकून टाक. निळा झगा जोनेलला, कंबरेत आत घ्यावा लागेल. पिसांची हॅट मदर क्रम्पला. ती नको नको म्हणेल, डोक्यावर ठेवूनच दे. लोखंडी तवा रूझवेल्टला, म्हणजे तो तालमीच्या आधीच घरी मासे तळून खाईल. माझ्या आईची जपमाळ तुझ्या धाकट्या नातीला. लाल झगा मात्र कुणालाही द्यायचा नाही. तो मी धुवायला टाकलाय, आणि लाँड्रीवाल्याला बजावलंय की ईस्टरच्या आधी हवा, मला काम आहे.

तुझीच,
व्हर्लीन