बाबांची पिकअप आणि विनीतची जळजळ

रविवार, १ जून. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. घोडपदेवात इतिहास घडायला लागलाय आणि तो कुणीतरी लिहून ठेवायला हवा.

काल मंडळाची मीटिंग झाली. यंदा पंचाहत्तरावं वर्ष. अध्यक्ष कुशाबा म्हणाले, धोंडू, तुझ्या बापाने एकोणीस वर्षं बाप्पा स्वतःच्या पिकअपमधून आणला, यंदा त्याच गाडीतून आला तर? मी उभा राहिलो आणि म्हणालो, आणणार. चोवीस ऑगस्टला आगमन. गाडी दुरुस्त, रंग नवा, स्टिअरिंगवर मी स्वतः.

टाळ्या पडल्या. विनीतनेही वाजवल्या, पण त्याच्या टाळीत जीव नव्हता. मी बघत होतो.

विनीत म्हणजे समोरच्या गॅलरीतला, दुसरा माळा. वय पस्तीस. गेल्या वर्षी त्याने वडिलांची जुनी स्कूटर घरच्या घरी नवी केली, पेपरात फोटो आला, आणि तेव्हापासून चाळीत कुणाचा मिक्सर बिघडला तरी विनीतला हाक. मी अडतीस वर्षं फोर्टात विम्याच्या ऑफिसात काढली. निरोप समारंभाचा माझा फोटो दोन महिने नोटीस बोर्डावर होता. त्याचं कुणाला काही नाही.

संकल्प: रोज दोन तास गाडीवर काम. विनीतला काहीही विचारायचं नाही.

सोमवार, २ जून
ताडपत्री काढली. बाबा जाऊन बावीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं गाडी चाळीच्या मागे टाकीजवळ उभी. अडुसष्टचं मॉडेल. गोल बॉनेट, मोठे दिवे. मागच्या हौद्यात वरच्या माळ्यावरच्या रमाबाईंच्या तीन बादल्या, एक मोडका देव्हारा आणि दोन आकाशकंदील. काढा म्हटलं तर म्हणाल्या, कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?

दोन तासांपैकी चाळीस मिनिटं ड्रायव्हर सीटवर बसून स्टिअरिंग फिरवलं. हेही कामच आहे. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून सगळं पाहिलंय. ड्रायव्हिंग शिकावं लागत नाही, ते बघून येतं.

रविवार, ८ जून
गंज काढायला सुरुवात. पॉलिश पेपरने अकरा मिनिटं घासलं. बोटाला पट्टी.

विनीत न बोलावता खाली आला. हातात घासायचं मशीन. म्हणाला, काका, हाताने घासत बसलात तर जन्म जाईल, हे घ्या. मी नको म्हटलं. तरी ठेवून गेला. डाव स्वच्छ आहे. आपलं मशीन घुसवायचं आणि मग म्हणायचं गाडी मी केली. जळतो, दुसरं काय.

तो गेल्यावर मशीन चालतंय का ते तपासायला लावून बघितलं. तीन तास तपासलं. एक दरवाजा लख्ख झाला.

रविवार, १५ जून
शांताने अळूवड्या केल्या. मशीन दिलं म्हणून विनीतकडे आठ. मला चार, त्यातही दोन कडेच्या. मी म्हणालो, नवरा कोण आहे? ती म्हणाली, गंज कोणी काढल्यान?

मोठ्या कामात असलेल्या माणसाने अळूवड्यांवरून वाद घालू नये. पण आठ म्हणजे जास्तच झाल्या.

रविवार, २९ जून
इंजिन. भायखळ्याहून मेकॅनिक आणला होता. त्याने बॉनेट उघडलं, पुन्हा लावलं, चहा प्यायला आणि गेला. माझं स्वतःचं निदान असं की इंजिन मुळात ठणठणीत आहे, फक्त थोडी चालना हवी.

गेले दोन रविवार विनीत गाडीखाली पडून आहे. मी बोलावलेलं नाही. सुपरव्हिजन माझं. आज मी न विचारताच शिकवत बसला. हा डिस्ट्रिब्युटर, काका, आणि हे झाकण काढलं की समोरच दिसतो तो रोटर. सुपारीएवढा तुकडा, पण हा नसला तर गाडी ढिम्म हलणार नाही. पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगत होता. मी मान हलवत होतो, म्हणजे मला हे आधीच माहीत आहे अशा अर्थाने.

फार घामाघूम होतो तो. जळफळाट माणसाला आतून तापवतो.

रविवार, ६ जुलै. संध्याकाळी ६
इंजिन सुरू झालं. सगळी चाळ गॅलरीत. कुशाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत खाली आले. डोळे पुसत म्हणाले, बुधाजी आला रे. आणि त्यांनी मिठी मारली.

विनीतला.

मी शेजारीच उभा होतो, हातात पाना. बुधाजी माझे वडील. पाना पण माझा.

मंडळाच्या फळ्यावर लिहून टाकलं: इंजिन दुरुस्ती, डी. बी. परब. तासाभराने बघतो तर खाली कुणीतरी खडूने लिहिलेलं, आणि विनीत. अक्षर शांताचं आहे.

रविवार, २० जुलै
रंगाचा निर्णय. घासताना खाली बाबांच्या वेळचा मोतिया रंग सापडला. विनीत म्हणाला, काका, हाच द्या, ओरिजिनल आहे, काय दिसेल गाडी! म्हणून मी डाळिंबी आणला.

मग म्हणतो, पण आत्ता मारू नका, हवेत ओल आहे, वाळणार नाही. शिवडीला मित्राचं गॅरेज आहे, तिथे हीटर लावून दोन दिवसांत करून देतील. म्हणजे बघा. स्वतःची स्कूटर मे महिन्यात रंगवली आणि मला थांबायला सांगतोय. चोवीस ऑगस्टला माझी गाडी बिनरंगाची उभी राहावी ही इच्छा. वर मित्राचं गॅरेज. म्हणजे रंगाचंही श्रेय तिकडेच.

रंग घरीच, हाताने, ब्रशने. बाबांनी कुठे हीटर लावला होता?

रविवार, २७ जुलै
पहिला हात झाला. डावी बाजू अप्रतिम. उजवीकडे ब्रशचे केस राहिलेत, पण ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. कुणी जवळ जाऊ नये.

रविवार, ३ ऑगस्ट
पहिला हात अजून चिकट. दुसरा दिला, म्हणजे पहिला दाबून बसेल.

रविवार, १० ऑगस्ट
दुसराही चिकट. तिसरा दिला. ताडपत्रीच्या आत दिवसभर टेबलफॅन लावला. फॅनने धूळ आणली, ती बसली.

वरच्या दोरीवरून रमाबाईंचा परकर पडला, तो नेमका बॉनेटवर. ओढून काढला. बॉनेटवर परकराची वीण उमटली आणि परकराला डाळिंबी काठ आला. रमाबाई मला जे बोलल्या ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही.

विनीत गॅलरीतून बघत होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, काका, अजून वेळ आहे, शिवडीला फोन करू का? मी म्हणालो, वाळत आलाय.

रविवार, १७ ऑगस्ट. दुपारी १
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

आगमनाच्या परवानगीचा फॉर्म भरायचा होता. गाडी नंबर, चालकाचं नाव, लायसन नंबर. कुशाबा म्हणाले, धोंडू, नंबर सांग. मी म्हणालो, घरी आहे, शोधायला लागेल. एवढ्यावर विषय संपला असता. पण शांता वरून म्हणाली, लायसन? हेंनी लायसन कधी काढूकच नाय. सायकल पण हातात धरून चालवतत.

सगळे हसले. कुशाबांनी फॉर्मवर विनीतचं नाव लिहिलं.

विनीत मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, मी फक्त चालवतो. तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा, नारळ तुमच्या हातात. मान तुमचाच आहे.

शेजारी. सात वर्षांचा होतो तेव्हा तिथेच बसायचो. आता एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा तिथेच, आणि बाबांच्या जागेवर विनीत. गाडी बाबांची. मुलगा मी. आणि सगळी चाळ त्याच्याकडे बघणार. मला झोंबलं. खरंच झोंबलं.

संकल्प: शांत राहायचं.

शनिवार, २३ ऑगस्ट. संध्याकाळी ५.३०
शांत राहिलो नाही.

चार वाजता सगळे मंडपाचं कापड बांधायला गेले होते. मी मागे गेलो, बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. रोटर अलगद निघाला. आता खिशात आहे.

याला बिघडवणं म्हणत नाहीत. गाडी उद्यापर्यंत विश्रांती घेतेय, एवढंच. योजना पक्की आहे. उद्या विनीत सेल्फ मारेल. गाडी गप्प. पुन्हा मारेल. लोक कुजबुजतील. तो बॉनेट उघडून घाम पुसत बसेल. मग मी पुढे होणार. बाजूला व्हा म्हणणार, पाठ करून वाकणार, रोटर बसवणार आणि एका झटक्यात चालू. कुशाबा म्हणतील, धोंडू, बस स्टिअरिंगवर. मग लायसन कोण विचारतोय. मूर्तीचा कारखाना इथून दोन गल्ल्या. दोन गल्ल्या तर कुणीही चालवेल.

शांता माझा पांढरा कुर्ता इस्त्री करतेय. मला विचारलं, एवढे खूश का? म्हटलं, असंच.

रविवार, २४ ऑगस्ट. दुपारी ३.१५
बाप्पा आले. टेम्पोतून.

क्रमाने लिहितो. दहा वाजता ढोल आले. गाडीला झेंडूची तोरणं लावली, ती दोऱ्याशिवायच राहिली. विनीत स्टिअरिंगवर बसला, मी शेजारी नारळ घेऊन. त्याने सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. ढोल थांबले. इथपर्यंत सगळं योजनेप्रमाणे.

तो उतरला. मीही उतरलो. त्याने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. माझा हात खिशात होता. त्याने झाकण पुन्हा लावलं आणि कुशाबांना म्हणाला, कॉइल गेली. माझंच चुकलं, आधी बदलायला हवी होती. आज नाही होणार.

कॉइल! कॉइल नवीकोरी आहे. बघा, याला इंजिनातलं काही कळत नाही, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

आता माझी पाळी होती. मी पुढे झालो. एवढ्यात कुशाबा आले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. म्हणाले, राहू दे धोंडू. बुधाजीने बघितलं असेल, तू खूप केलंस. हात उचलला तर तळवा डाळिंबी. ते धोतराला पुसत राहिले, निघेना. मला हात खिशातून काढता आला नाही. काढायचा होता. नाही आला.

विनीतने फोन केला, दहा मिनिटांत टेम्पो उभा. मी टेम्पोच्या मागे चालत गेलो, नारळ तसाच हातात. परत येताना पोरांनी गुलाल उधळला. गाडी कंपाउंडात उभीच होती, तिने सगळा धरून ठेवला.

सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. रमाबाईंनीसुद्धा. आणि चाळीत आता एकच चर्चा, विनीतला नुसतं पेपरात फोटो काढायला येतं, काम कच्चं आहे. त्याच्यामुळे धोंडूच्या बापाची गाडी ऐन वेळी दगा देऊन गेली. तीन महिने हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. आज पोटभर ऐकलं.

दुपारी शांताने गोडाचं वाढलं. गेलं नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट
विनीत जिन्यात भेटला. म्हणाला, काका, बरे आहात ना? बस, एवढंच.

एखादा माणूस भांडायला येईल म्हणून आपण दोन दिवस उत्तरं तयार ठेवावीत आणि त्याने तब्येत विचारावी, हा काय प्रकार आहे? माझी उत्तरं चांगली होती.

बुधवार, २७ ऑगस्ट. दुपारी १२
गणेश चतुर्थी. सकाळी सगळे मंडपात पूजेला. मी मागे गेलो. बॉनेट उघडलं, झाकण काढलं. रोटरची जागा रिकामी होती. आणि ती रिकामी आहे हे दिसायला मेकॅनिक असावं लागत नाही. विनीतला रविवारीच दिसलं होतं. कॉइल म्हणाला तो मला ऐकवायला नाही, चाळीला ऐकवायला म्हणाला.

रोटर बसवला. सीटवर बसलो. सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू. तोच आवाज. मंडपापर्यंत न्यावी, बाप्पाला दाखवावी, असं फार मनात आलं. पण पाय दोन आणि पेडल तीन. बाबा कुठला आधी दाबायचे ते काही केल्या आठवेना. तसाच बसून राहिलो, गाडी जागच्या जागी थरथरत होती.

आवाज ऐकून आरती थांबली. सगळे मागे धावत आले. कुशाबा सगळ्यात शेवटी, धापा टाकत. म्हणाले, अरे, सुरू झाली? कोणी केली?

सगळे माझ्याकडे बघत होते. जून महिन्यापासून मला हवं होतं तसंच, सगळेच्या सगळे.

मी म्हणालो, विनीतने. आधीच बरोबर केली होती त्याने. मीच घोळ घातला.

कुणाला धड कळलं नाही. कुणीतरी विनीतच्या पाठीवर थाप मारली, कुशाबांनी त्याला पुन्हा मिठी मारली, म्हणाले, विसर्जनाला हीच गाडी, आणि चालवायची तूच. मग आरती अर्धवट राहिली म्हणून सगळे घाईघाईने परत गेले.

मी उतरायला लागलो तर कुर्ता दाराला चिकटला. पाठीपासून खांद्यापर्यंत. पुढे होता येईना, मागे होता येईना. मंडपात टाळ्या सुरू झाल्या होत्या. विनीत तेवढा थांबला होता. त्याने कापड हळूहळू, फाटणार नाही असं सोडवलं आणि म्हणाला, काका, अजून ओला आहे.