गाभाऱ्याबाहेरची केबल

८ सप्टेंबर १९९८, मंगळवार

आज दुपारी माझ्या एका परिच्छेदाचं दुःखद निधन झालं. वय अर्धा तास. पश्चात दोन शीर्षकं आणि एक आकृती असा परिवार आहे.

मारेकरी नेहमीचाच. कारखान्यात लिनक्सचं मशीन एक. त्याच्या टर्मिनलवर मी आमच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांची मॅन्युअलं लिहितो आणि त्याच मशीनच्या पाठीत ती केबल खुपसलेली आहे. केबलचं एक टोक मशीनला, दुसरं काट्याच्या बोर्डाला. तिच्यातून चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा, की काटा रेशमाचे कोष तोलायला तयार. श्रीरंगने केबल चालवली की आठवड्यातून दोन-तीनदा मशीन दगड होतं. दगड झालं की मी लिहिलेलं जातं.

श्रीरंग आमचा मुख्य इंजिनियर. म्हणाला, "वासुअण्णा, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

बेंगळुरात, आनेकल रोडवरच्या या कारखान्यात गेली अकरा वर्षं मी स्वल्प अ‍ॅडजस्टच करतोय. आता सगळं मिळून पुष्कळ झालंय.

९ सप्टेंबर

पुन्हा दगड. आज गेलं ते अख्खं सातवं प्रकरण!

तळमजल्यावर जाऊन एकटाच ओरडून आलो.

१४ सप्टेंबर, सोमवार

धक्का. सातवं प्रकरण परत आलं.

मुग्धा नावाची मुलगी एप्रिलात पुण्याहून आली. अजून कायम झालेली नाही. मला 'काका' म्हणते आणि मराठी वाक्यात इंग्रजी इतकं घालते की क्रियापदापर्यंत पोचताना मी दमतो. तिने रविवारी येऊन डिस्क उकरली आणि माझं प्रकरण तुकड्या-तुकड्यांनी गोळा केलं. तीन ओळी सोडल्या तर सगळं आहे. त्या तीन ओळी तशाही वाईट होत्या.

आभार मानले. म्हणाली, "नुसतं थँक्यू नको काका. उधार ठेवते."

मग बाय-टू कॉफी घेतली. एका कॉफीचे दोन पेले, हा या शहराचा सगळ्यात शहाणा शोध. मी विचारलं, मशीन दगड का होतं? तिने सांगितलं ते मला कळलं, हाही धक्काच.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा सगळ्यात आतला भाग, हा देवळाचा गाभारा. केबल चालवणारं मॉड्यूल परदेशातून केबलबरोबर आलंय, ते थेट गाभाऱ्यात जाऊन बसतं. आत त्याला चक्कर आली की देऊळच बंद. शिवाय ते एकाच जातीच्या कर्नलसाठी बनवलेलं. दुसरं लिनक्स घातलं की पायरीही चढत नाही.

"मग?"

"मग आत जायचंच कशाला? बाहेरूनच करायचं, यूजरस्पेसमधून. सुरुवातीला गाभाऱ्याला एकदाच विचारायचं, केबलच्या पोर्टला हात लावू का. हो म्हटलं की बाकी सगळं साध्या प्रोग्रॅमने. पडला तर तो एकटा पडेल. तुमचं प्रकरण जिवंत."

सभामंडपात उभं राहून पूजा! पुण्याच्या लोकांना काहीही सुचतं.

२३ सप्टेंबर

चाललं. आठवडाभर तिचा प्रोग्रॅम चालतोय. दोनदा मेला, पण एकटाच मेला, शेजाऱ्यांना त्रास न देता. माणसांनाही हे जमत नाही.

दुसरी गंमत म्हणजे केबल सुटी झाली. इतकी वर्षं ती त्या एका मशीनच्या पाठीला चिकटून होती, कारण मॉड्यूल दुसरीकडे चालतच नसे. आता मुग्धाने आणखी दोन मशीनांवर लिनक्स घातलंय आणि ती केबल खांद्यावर टाकून फिरते. सकाळी पॅकिंगच्या खोलीतल्या मशीनवर, दुपारी मालकांच्या केबिनमध्ये.

श्रीरंग मात्र कॅन्टीनमध्ये म्हणाला, "हार्डवेअरशी बोलणं हे कर्नलचं काम. बाहेरच्याने पोर्टला हात लावायचा नसतो. बघा तुम्ही." त्याने ते जुनं मॉड्यूल तीन वर्षं सांभाळलंय. त्याचे लाड त्यालाच माहीत.

३० सप्टेंबर, बुधवार

आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी हिची टर उडवतो. या वर्षीचा लेखही देऊन झालाय. तरी दरवर्षी पाहताना नव्याने थक्क होतो. पंचिंग मशीनला झेंडू. स्टेपलरला गंध. मालकांच्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू. कॅल्क्युलेटरला अक्षता, बिचारा आता बेरीज कशी करणार!

पूजा मालकीणबाई रत्नाबाईंच्या हातची. बेंगळुरात चौथी पिढी. मुग्धाला म्हणाल्या, "ये अक्का, लाजू नकोस. तुझं हत्यार कोणतं गं? आण इकडे." केबल ताटात आली. पूर्वी कधी आली नव्हती, मशीनच्या पाठीतून निघतच नसे. कुंकवाचं पाणी, हळदीचं पाणी, जास्वंद. खोलीभर मंडळी हात बरबटून घेत होती.

मी दारात उभा. हात खिशात. प्रसादापुरते काढले.

३ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टीनंतर कारखाना उघडला आणि बोर्ड भरेनात. एकही नाही. चिपमध्ये लिहावं एक आणि परत वाचावं तर भलतंच. पडद्यावर 'जुळत नाही', 'जुळत नाही'. मुग्धाने तिचा प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासला. चूक नाही. मग दुसऱ्या मशीनवर. तेच.

श्रीरंग तिच्यामागे उभा होता. काही बोलला नाही. इतकं गप्प राहणं हाही अपमानच.

५ ऑक्टोबर, सोमवार

तेच. बोर्डांची थप्पी पडून आहे. कोषबाजाराची माणसं काटे न्यायला गुरुवारी येणार.

दुपारी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. भगवंतराव माणूस वाईट नाही, पण घाबरला की निर्णय घेतो. "उद्या जुनं मॉड्यूल घाला. जसं होतं तसं. सरी? ठीक? आणि मुग्धा, तुला कायम करायचं कसं, ते मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते या खोलीतल्या खुर्च्यांनाही माहीत आहे.

नंतर ती जिन्यात बसलेली दिसली. "काका, इथून घालवलं तर पुण्याला बाबा स्थळं तयार ठेवून बसलेत. त्यांची अटच होती, सहा महिन्यांत नोकरी कायम झाली नाही तर परत यायचं." मग अगदी हळू, "पण प्रोग्रॅम बरोबर आहे हो."

मला काय कळतं त्यातलं? सांत्वन म्हणून बाय-टू मागवली. तिचा पेला तसाच राहिला.

६ ऑक्टोबर, मंगळवार

क्रमाने लिहितो.

सकाळी केबल परत जुन्या मशीनच्या पाठीत. श्रीरंगने मॉड्यूल चढवलं, बाहेरगावाहून आलेल्या जावयाला आत घ्यावं तसं. पहिला बोर्ड. सगळे पडद्याकडे बघत.

'जुळत नाही.'

म्हणजे दोष प्रोग्रॅमचा नव्हताच! श्रीरंगने पुन्हा करून पाहिलं, आणि मशीन दगड. माझं आठवं प्रकरण त्यात होतं. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही, हा आजचा सगळ्यात मोठा धक्का.

मशीनच्या पाठीजवळ मीच उभा होतो. केबल उपटली. बोटं लाल.

टोक उजेडात धरलं. पिनांच्या मधल्या फटींत वाळलेलं हळदकुंकू, खोल आत जास्वंदीच्या पाकळीचा चुरा. पिना एकमेकींशी त्या चिखलातून कुजबुजत होत्या, चिपला निरोप कसा नीट पोचणार? मुग्धाने स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश आणला. टोक घासलं, वाळवलं, केबल पॅकिंगच्या खोलीत नेली आणि तिच्याच प्रोग्रॅमने बोर्ड भरला.

जुळलं. दुसरा. तोही जुळला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीरंगचा चेहरा बघवेना. इतका वेळ गिळलेलं सगळं त्याने एकदम बाहेर काढलं. "सर, प्रोग्रॅम राहू दे. पण पिनांत ओलं कुंकू घालणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात ठेवायचं तरी कशाला? कोण होतं ते कळू दे."

भगवंतराव घाबरले होते. म्हणजे निर्णय घेणार होते. "कोण?" त्यांनी विचारलं.

मुग्धा पांढरी पडली. तोंड उघडलं तिने.

"मी," मी म्हणालो.

श्रीरंग माझ्याकडे बघतच राहिला. "अण्णा, तुम्ही? तुम्ही तर दरवर्षी..."

"माणसाचं मन आहे. आला भाव."

अकरा वर्षं नोकरी झालेल्या म्हाताऱ्याला कुंकवासाठी कोण काढणार? भगवंतराव उठून जवळ आले. डोळ्यांत पाणी! खरोखरचं. माझा खांदा धरला. "वासुदेवराव, शेवटी आलात की तुम्ही. रत्नाला किती बरं वाटेल! पुढच्या वर्षी पूजेला तुम्हीच बसायचं. सोवळं मी आणतो."

जन्मभराची टवाळी एका शब्दात गेली. तिच्या निधनाची बातमी द्यायलाही तोंड राहिलं नाही.

मॅन्युअलात एक सूचना वाढवली: 'केबलची पूजा करताना टोक कोरडे ठेवावे.'

७ ऑक्टोबर

मुग्धा कायम झाली. जिन्यात बाय-टू घेतली, दोन्ही पेले संपले.

ती म्हणाली, "काका, तुमचे हात तर खिशात होते."

मी म्हणालो, "तुला काय दिसणार? तू डोळे मिटून, जीभ चावून, एकेका पिनेला कुंकू लावत होतीस."

मंडळात जाऊन दिवाळी अंकाचा लेख परत आणला. सातवं प्रकरण फिटलं.