टोपीशिवाय सलाम नसतो

चेन्नई, १२ जानेवारी २०२५

ती. आबांस अमृताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अकॅडमीत फोन थोडाच वेळ मिळतो, आणि तुम्ही तर 'बरं आहे' एवढंच म्हणून तो आजीकडे देऊन टाकता. म्हणून हे पत्र. टाचा सोलल्यात, केस कानापर्यंत कापलेत. आजीला सांगू नका.

मार्चमध्ये प्रशिक्षण संपल्याची आमची परेड आहे. त्या दिवशी नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यांवर तारे घरच्यांनी लावायचे असतात. एका खांद्याला आजी, दुसऱ्याला तुम्ही. आई-बाबा गेल्यावर तुम्ही दोघांनीच मला वाढवलंत, दुसरं कोण लावणार?

मुलींना सैन्यात घेणं तुम्हाला पसंत नाही, ठाऊक आहे. मी निघाले तेव्हा तुम्ही कल्याण स्टेशनवर आला नाहीत. गाडी सुटेपर्यंत मी पुलाकडे बघत राहिलेले. राग नाही, पण या वेळी या.

आपली लाडकी (की दोडकी, ते कळवावे),
अमृता


मोहने, २३ जानेवारी

चि. अमृतास आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजीनेच वाचून दाखवलं, त्यामुळे केसांचं तिला कळलं. दोन दिवस ती माझ्याशीच बोलत नव्हती.

आता मुद्द्याचं. पलटणीत असताना मी जखमी माणसाला खांद्यावर घेऊन चढण चढलोय. तुम्हा मुलींना धावायला वेळ जास्त देतात, हे तू नाकारणार नाहीस. डोंगर कुणाला सवलत देतो का? विहाराजवळच्या कट्ट्यावर गोविंदा मला जुनाट म्हणतो. म्हणू दे. तुझा अभिमान नाही असं नाही गं. भीती वाटते, तुझ्या मागे कुणी म्हणेल, ही सवलतीने आली.

शिवाय मी हवालदार. अधिकाऱ्याच्या खांद्याला मी कसा हात लावू? आजीला पाठवतो. टाचांना खोबरेल लाव आणि मोजे उलटे घाल, शिवण घासत नाही.

तुझं भलं चिंतणारा,
आबा


चेन्नई, ४ फेब्रुवारी

ती. आबांस सप्रेम जयभीम.

मोजे उलटे घातले, टाचा वाचल्या! धावण्याचं तुमचं खरं आहे. आमच्यातही रोज वाद होतो. माजिवड्याची निशिगंधा म्हणते, माप एकच हवं. मला वाटतं, धावण्याचा वेळ वेगळा असला तरी चालेल, पण कामाला जे लागतं ते सगळ्यांकडून सारखं मागावं. परवा तिलाच पाठीवर घेऊन टेकडी चढले. शेवटून दुसरी आले, पण चढले.

मागून बोलणारे इथेही आहेत. तेव्हा मला भिंतीवरचा मारुती पणजोबांचा फोटो आठवतो. दर एक जानेवारीला तुम्हीच सांगता ना, की इंग्रजांनी आपल्या लोकांची भरती बंद केली होती, ही माणसं लढाऊ नाहीत म्हणून? मग दुसऱ्या महायुद्धात दार उघडलं आणि पणजोबा गेले. त्यांच्याही मागे कुणी बोललंच असेल. ते सुट्टीवर आले तेव्हा स्टेशनवर त्यांना घ्यायला कोण आलेलं, आबा?

वाट पाहणारी,
अमृता


मोहने, १५ फेब्रुवारी

चि. अमृतास, म्हणजे होणाऱ्या लेफ्टनंट साहेबांस, आबाचा जयभीम आणि आशीर्वाद.

धावण्याबद्दल माझं मत तेच आहे. पुढच्या वेळी शेवटून दुसरी येऊ नकोस.

माझ्या वडिलांना घ्यायला माझे आजोबा आलेले, गावाहून अनवाणी चालत. गणवेश दिसला आणि कुणी साहेब आला समजून ते बाजूला सरले, जुन्या सवयीने वाकून त्यांनी जोहार केला. पोटच्या पोराला. वडिलांनी त्यांना धरून उभं केलं. हे सांगताना वडील दर वेळी रडायचे, म्हणून तुला कधी सांगितलं नाही. तुझं पत्र आल्यापासून मला तेच दिसतंय. कल्याणला मी यायला हवं होतं, बाळा.

टोपीशिवाय सलाम नसतो, म्हणून ट्रंकेतली पलटणीची टोपी काढली. कसर लागली होती, आजीने रफू केली. मी आरशासमोर सराव करतो आणि तिला हसू आवरत नाही. आमची दोघांची तिकिटं गोविंदाने काढून दिली.

माझे आजोबा वाकले होते, मी ताठ उभा राहीन. तारे मात्र दोन्ही खांद्यांवर आजीच लावेल. माझा उजवा हात सलामाला मोकळा हवा.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
आबा