बेटावरचा प्रणाम

कोबे बंदर, जहाजावरून
३ नोव्हेंबर १९९६

आदरणीय आण्णा,

सविनय जयभीम. मी बरी आहे. आईच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करते.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. बेटावरच्या विहारात बोधिसत्त्वाच्या मूर्तीला तुम्हा सर्वांच्या वतीने पंचांग प्रणाम केला, असे मी लिहिले होते. प्रणाम केला हे खरे. मूर्ती बोधिसत्त्वाची नव्हती.

काल बंदरातून गावी महेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "आगं, आण्णांनी तुजं पत्र पौर्णिमेला विहारात वाचलं. लालासाहेब तात्या तर डोळं पुसत हुतं." ते ऐकल्यावर हे पत्र लांबवणे बरे वाटेना.

जहाज लहान आहे, आम्ही तीसेक विद्यार्थी. सकाळी वर्ग, दुपारी एखादे बंदर. एका गावी चहा पिण्याची रीत शिकलो. वाडग्याची नक्षीची बाजू ओठांना लावायची नाही, म्हणून तो हातात फिरवून घ्यायचा. त्याच संध्याकाळी धक्क्यावरच्या यंत्रात नाणे टाकून चहाचा गरम डबा घेतला, आणि खरे सांगायचे तर तोच जास्त आवडला.

देवळांविषयीच्या वर्गात ओगावा सरांनी त्या बेटावरच्या मूर्तीचे चित्र दाखवले. म्हणाले, ही बेंतेन, म्हणजे भारतातली सरस्वती, चीनमार्गे इथे आली. सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी उठून कमरेत वाकले. इथे तशी पद्धत आहे.

तिच्या हातातले तंतुवाद्य मी पाहिले होते, आण्णा. पण भिक्खू सूत्र म्हणत होते, मूर्तीचा चेहरा शांत होता. विहारात दुसरे कोणी असेल हे मनातही आले नाही. बावीस प्रतिज्ञा तुम्ही मला शाळेत घालण्याआधीच चुलीपाशी बसवून पाठ करून घेतल्या. त्यातली देवदेवतांना न पूजण्याची प्रतिज्ञा नकळत मोडली तर ती मोडली का, हे तेव्हा विचारायचे सुचले नाही.

तुम्ही म्हणाल, पोरीला माहीत नव्हते, चालायचेच. मला तुम्ही माफ कराल, आणि त्याचाच मला त्रास होतो.

अंजनाताईला केले नाही.

तिच्या शाळेत दसऱ्याच्या पाटीपूजनाला हेडमास्तरांनी तिला पुढे केले. सुट्टीत माहेरी आल्यावर तिने आपण होऊन सांगितले, "आण्णा, मला अजून कायम केल्यालं न्हाई. मी हात जोडलं." तुम्ही म्हणालात, "मग ते हात घिऊन आमच्या दारात येऊ नगंस." तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "प्रतिज्ञा काय नुसत्या पाठ करायला असतात का, ताई?" तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. त्या शाबासकीची आता लाज वाटते.

तेव्हापासूनच्या सगळ्या जयंत्या तिच्यावाचून गेल्या. तिची मुलगी चालायला लागली, ते आपण लोकांकडून ऐकले.

निघताना इस्लामपूरच्या स्टँडवर ताई गाडीपाशी धावत आली होती. खिडकीतून स्वेटर देत म्हणाली, "तिकडं लय थंडी असतीया. आण्णांना सांगू नगंस, उगं वाद." गाडी बराच वेळ उभी होती. मी खाली उतरले नाही. तुम्हाला कोणी सांगेल, याची भीती वाटली.

तिने नोकरीच्या धाकाने हात जोडले. मी कोणाचाही धाक नसताना, आनंदाने कपाळ टेकले. दोघींत दोष कोणाचा जास्त, हे मी किती वेळा तोलून पाहिले, आणि प्रत्येक वेळी माझेच पारडे खाली गेले.

मुंबईत उतरल्यावर मी आधी आष्ट्याला येणार नाही, ताईकडे जाईन. ती माझ्याबरोबर घरी येईल की नाही ठाऊक नाही. नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. माझी चूक विहारात मीच उभी राहून सांगेन, ती तुम्हाला सांगावी लागू नये. तुम्ही ते पत्र अभिमानाने वाचलेत आणि आता लोक कुजबुजतील, याचे फार वाईट वाटते. पण त्यानंतर मला घरात घेतलेत, तर ताईलाही घ्यावे लागेल. तिला बाहेर ठेवायचे असेल, तर मीही तिच्याबरोबर बाहेरच उभी राहीन.

रविवारी, २४ नोव्हेंबरला, सकाळच्या वंदनेला येणारी,

तुमची
आम्रपाली