मशीन अजून बिघडलेलंच आहे

पिंपरी पेंढार,
रविवार, १२ ऑक्टोबर २००८

ती. दादास,

तेजूचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवणे, आणि बाकी जे काय लिहायचं असतं ते लिहिलं असं समज. मला दम नाही.

तुझा कॉम्प्युटर मी सुरू केलाय. ओरडू नकोस. तीन वर्षं तो मधल्या खोलीत आईच्या जुन्या लुगड्याखाली बसून होता. लुगडं काढलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि विहिरीवरच्या मोटरीसारखा घरघरत का होईना, तो उठला. फोनची वायर काढून मोडेमला लावली तर इंटरनेटसुद्धा लागलं. पण पानं उघडत नाहीत. तो जुना ब्राउझर कुठलंही पान मागितलं की अर्धं पांढरं दाखवतो, चित्राच्या जागी लाल फुली मारतो आणि खाली इंग्रजीत सांगतो की नवा ब्राउझर घ्या.

म्हटलं, घेऊ. काल दुपारी लाईट होती तेवढ्यात नवा ब्राउझर उतरवायला लावला. मुंगीच्या पावलानं. मध्ये दोनदा लाईन तुटली, दोनदा पहिल्यापासून. फोन अडकलेला, त्यामुळे अण्णांना नारायणगावच्या मार्केटचा टोमॅटोचा भाव विचारता येईना. ते दारात येऊन उभे.

"त्या डब्यात काय बघती?"

"निकाल."

"कुणाचा?"

"माझा. विद्यापीठाचा."

यावर ते निघून जातील असं मला वाटलं होतं. गेले नाहीत. चौकटीला टेकून पडद्याकडे बघत राहिले. शेवटी फाईल पुरी उतरली, मी दोनदा टिचकी मारली, आणि पाटी आली की हा ब्राउझर तुमच्या विंडोजवर चालणार नाही, विंडोज फार जुनं आहे. मी कपाळावर हात मारला. अण्णा म्हणाले, "नापास झालीस व्हय?" आणि मग गेले.

तर आता काय करायचं ते सांग. तुला नसेल येत तर वहिनीला विचार. नाहीतरी फाट्यावरच्या क्लासमध्ये ती शिकवायची आणि तू नुसता तिच्याकडे बघायचास, त्यामुळे तुझ्या ज्ञानावर माझा फारसा भरवसा नाही.

कॉलेजमध्ये कॉम्प्युटर आहेत, फाट्यावर कॅफे आहे, हे मला ठाऊक आहे. मला घरचाच हवाय. का, ते विचारू नकोस. आणि पुन्हा पाकिटातून फोटो पाठवू नकोस. श्रावणात पोस्टमनच्या हातात पाकीट तसंच परत गेलं ते मी ओट्यावरून बघितलंय, आणि ते बघून आई दिवसभर जेवली नाही.

उत्तर नेहमीसारखं सरूमावशीच्या शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरचा फोन अण्णांच्या खाटेशेजारीच असतो. भाऊबीज तीस तारखेला आहे. तीन वर्षं मी चंद्राला ओवाळते आहे. चंद्र ओवाळणी घालत नाही.

तुझी,
तेजू


पिंपरी पेंढार,
रविवार, १९ ऑक्टोबर २००८

ती. दादास,

सीडी मिळाली. वहिनीची चिठ्ठीही मिळाली. जुन्या विंडोजला जुनाच ब्राउझर लागतो, हे तिनं चार ओळींत सांगितलं. तू असतास तर दोन पानं लिहिली असतीस आणि शेवटी 'प्रयत्न करून बघ' म्हणाला असतास.

पण ऐक. डबा टेबलाखाली अंधारात असतो, म्हणून चाचपडतच सीडी घातली तर आत नुसतं खर्र खर्र व्हायला लागलं, आणि पडद्यावर, 'डिस्क घाला'. अरे घातलीय की! काढून पदराला पुसून परत घातली. तेच. तिसऱ्यांदा तर तो सीडीचा खण बाहेरच येईना. सीडी आत, मी बाहेर. रागानं मी डब्यावर एक चापट मारली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "त्याला मारू नगंस गं!" जसं काही तूच आत बसला होतास.

मग सरूमावशीच्या दुकानाजवळच्या पीसीओवरून वहिनीला फोन केला. तू कामावर गेला होतास. मागे तुमची तान्ही आरोही रडत होती, तरी तिनं शांतपणे सांगितलं: सगळं बंद कर, खणाच्या खाली एक बारीक भोक असेल, त्यात सरळ केलेली पिन घाल आणि दाब. मी घरी येऊन डबा दारातल्या उजेडात ओढला, साडीची पिन सरळ केली, घातली, दाबली.

दादा, खण बाहेर आला आणि मी बघतच राहिले. आत कुंकू. हळद. तांदळाचे दाणे. झेंडूची वाळकी पाकळी. आणि कडेला गुळाचा खडा, अर्धा चिकटलेला, त्याला मुंग्या. तुमची सीडी त्यात लडबडलेली.

मी सरळ आईवर धावून गेले. म्हटलं, पूजा करायची तर वरून करावी, पोटात कशाला? आई रडकुंडीला आली. "आगं, तुझ्या बापाच्या धाकानं मी त्याच्यावरचं लुगडं बी झटकत न्हाई. मी कशाला करू?"

तेवढ्यात अण्णा रानातून आले. माझ्या मांडीवर कुंकवाचा चिखल बघून थबकले. आणि काय म्हणाले असतील?

"गूळ काढलास व्हय?"

म्हणजे तेच. खंडेनवमीला विळे, खुरपी, मोटरीचा स्टार्टर, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा झाली की ते एकेक यंत्र घटकाभर चालवून बघतात, हे तुला माहीत आहेच. मग आम्ही सगळे ओट्यावर नारळ फोडत असतो तेव्हा हा माणूस मधल्या खोलीत जाऊन तुझा कॉम्प्युटर सुरू करतो. बटण दाबलं की ताट पुढे येतं, म्हणून त्या ताटात निवद ठेवतो आणि आत ढकलतो. तू गेल्यापासून दर दसऱ्याला. यंदाचा गूळ तर दहा दिवसांपूर्वीचा!

मी म्हटलं, "अण्णा, ते ताट नाही."

"मग काय हाय?"

"सीडी घालायची जागा आहे ती."

"आसंल. पन घरातलं आवजार हाय ते. दसऱ्याला आवजार उपाशी ठेवायचं नसतं."

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. मी म्हणाले, "अवजाराला निवद, आणि माणसाचं पाकीट पोस्टमनच्या हातात परत? का, तर सून भागुजीकाकांची लेक! बौद्धांच्या घरातली! सोबत चहा पिताना, मोटरीची पाळी वाटून घेताना भागुजीकाका चालत होते ना तुम्हाला?"

आईनं तोंडात पदर कोंबला. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हात पुसले, परत खांद्यावर टाकला आणि आले तसे रानात गेले. जेवायलाही उशिरा आले.

आता सांगते, घरचाच कॉम्प्युटर का हवाय. भागुजीकाका मागच्या वेळी पुण्याहून तुमच्याकडून आले तेव्हा सकाळी डेअरीत माप घेणाऱ्या चांगदेवला सांगत होते, "पोरीचं कान थेट भरतभाऊचं. तेच मोठ्ठं, फुडं आलेलं." मागे रांगेत दुधाची किटली घेऊन अण्णा उभे होते, मी त्यांच्या शेजारी. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, पण ऐकू तर येतंच. घरी येताना अण्णांचा हात सारखा स्वतःच्या मोठ्या कानाकडे जात होता. आणि त्याच दिवशी जेवताना, भिंतीकडे बघत, त्यांनी मला विचारलं, "त्या कॉम्पुटरात फोटू दिसत्यात म्हनं?"

कॅफेत ते येणार नाहीत. चार गावची पोरं बसलेली असतात तिथं. पाकीट ते हातात घेणार नाहीत, एकदा परत केलंय, आता तो हट्ट मोडायचा कसा? पण मधल्या खोलीतून येता-जाता पडद्यावर काही दिसलं, तर त्याला त्यांचा इलाज नाही. समजलं? निकाल वगैरे सगळं खोटं होतं. निकाल कधीच लागला, मी पास आहे.

म्हणून वहिनीला विचार की आतली काच कशी पुसायची. लवकर. मला झोप लागत नाही, आणि अण्णाही दिवसातून तीनदा विचारतात, "झालं का?" काय झालं, ते विचारत नाहीत.

तुझी,
तेजू


पिंपरी पेंढार,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २००८

ती. दादास आणि वहिनीस,

नमस्कार. या वेळी दोघांना लिहिते, कारण काम वहिनीचं आहे.

वहिनीनं लिहिल्याप्रमाणे उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडून स्पिरिट आणि कापूस आणला. काडीला कापूस गुंडाळला. आत अंधार, काही दिसेना. तर मागून बॅटरीचा उजेड पडला. अण्णा. विचारलं नाही, सांगितलं नाही, बॅटरी धरून उभे राहिले. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली: काच हरभऱ्याच्या डाळीएवढी असेल, घासू नकोस, टेकवून नुसती फिरव, वाळू दे.

"आगं हळू," अण्णा म्हणाले. "ती घासू नगं म्हनती ना? परत वाच, ती काय म्हनती ते."

मी परत वाचलं. तीन वर्षांत या घरात वहिनीचं बोलणं पहिल्यांदा कुणी दोनदा वाचायला लावलं.

सीडी वाचली गेली. खर्र झालं नाही. निळी पट्टी हळूहळू सरकत गेली, मध्येच थांबली, मी देवाचं नाव घेतलं, अण्णांनी ओझरच्या गणपतीला नारळ बोलला (मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं), आणि पट्टी पुढे सरकली. ब्राउझर बसला. मी तुमच्या फोटोंचा पत्ता टाकला.

तुम्हाला तिकडे फोटो झटकन दिसत असतील. आमच्याकडे तो वरून खाली उतरतो, पडवीत कुणी पडदा सोडावा तसा. आधी भिंत आली. मग घड्याळ. मग वहिनीचे केस. आई दाराआड होती, ती हळूहळू पुढे सरकली. अण्णा उभे होते, ते खुर्चीवर बसले. मी म्हटलं, लाईट जाऊ देऊ नकोस रे बाबा, आज तरी जाऊ देऊ नकोस. मग आरोहीचं कपाळ आलं. डोळे आले. केवढे टपोरे आहेत गं वहिनी! अण्णा खुर्चीच्या टोकावर आले. आता कान येणार.

आणि दादा, कान नाहीतच! पोरीला कुंची घातलीय. हिरव्या खणाची, कानांवरून गळ्याशी घट्ट बांधलेली.

अण्णा पडद्याजवळ गेले. कुंचीकडे बघितलं. मग मान वळवून आईकडे. आईच्या लग्नातल्या चोळीचा खण तो. तिनं गुपचूप शिवून भागुजीकाकांच्या द्रौपदाकाकूंच्या हाती पाठवलेली कुंची, हे मलासुद्धा तेव्हाच कळलं. आई दाराला धरून उभी, आता वीज पडणार अशा चेहऱ्यानं.

अण्णा म्हणाले, "लई घट बांधलीय. पोरीला उकडत आसंल."

एवढंच. मग परत खुर्चीवर बसले. मी दुसरे फोटो दाखवले, त्यातही कुंची. तुम्ही त्या पोरीला कधी मोकळं सोडता की नाही? शेवटी ते उठले, स्वतःच्या हातानं बटण बंद केलं आणि म्हणाले, "तेजे, त्यास्नी पत्र लिही. मशीन आजून बिघडलेलंच हाय म्हनावं."

"अण्णा, झालं की सुरू! आत्ता बघितलंत ना तुम्ही?"

"तुला काय कळतंय त्यातलं? काय बी दिसलं न्हाई नीट. फोटूत आसं कळत नसतं. लिही. तुझ्या वहिनीला म्हनावं, चिठ्ठीनं व्हायचं काम न्हाई हे, समोर बसून बघाय पायजे."

तुझ्या वहिनीला. मी ऐकलं, आईनं ऐकलं. आई आत गेली आणि तिनं उगाचच भांडी वाजवली.

वहिनी, आता तुझ्याशी. अण्णांनी माफी मागितलेली नाही आणि ते मागणारही नाहीत. तीन वर्षांत तुला आणि तुझ्या घरच्यांना काय काय ऐकावं लागलं ते मी विसरलेले नाही. तू आली नाहीस तर मी तुला एका शब्दानं बोलणार नाही, दादाला बोलेन. पण तू यावंस असं मला फार वाटतं. फार म्हणजे फारच. मी खोलीत फेऱ्या घालते आहे आणि दर फेरीला एक ओळ लिहिते आहे.

पत्र पोस्टात टाकायला निघाले तर अण्णा म्हणाले, "पोस्टात नगं. भागुजी उंद्या पुन्याला चाललाय, त्याच्यापाशी दे." मी म्हटलं, तुम्हीच द्या. त्यावर त्यांनी बैल नसलेल्या गोठ्यात काहीतरी काम काढलं. बरं, मी देते. पण भागुजीकाका कधी जातात याची त्यांना खबर असते, हे लक्षात ठेव.

तर अधिकृत निरोप असा: मशीन अजून बिघडलेलंच आहे. वहिनीनं येऊन बघावं. दादानं सामान धरावं. भाऊबीजेच्या आत यावं. आणि फाट्यावर एस.टी.तून उतरलात की आधी पोरीची कुंची काढा. तिथं एक माणूस मोटरीचा पार्ट आणायला आलोय असं सांगत उभा असेल. त्याला कान बघायचे आहेत.

यंदा चंद्राला न ओवाळणारी,
तुमची तेजू